जुनी इमारत, नवी शाळा
(कुरुळी येथे प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



आज फळ्यावर धडा नाही. आज थोडे बोलायचे आहे. वही आणि पेन्सिल मात्र जवळच ठेवा. शेवटी तिचे काम पडणार आहे.

गेल्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर आपण बाहेर उभे होतो. तेव्हा समोरच्या जुन्या इमारतीचा विषय निघाला. दोन खोल्या, पुढे पडवी, वर मंगळुरी कौले. मुलांना नवी इमारत मिळाली, तेव्हापासून हिला कुलूप आहे. आत मोडके बाक पडले आहेत. एका कोपऱ्यात पावसाचे पाणी गळते.

कोणी म्हणाले, "गुरुजी, गोदामाला भाड्याने द्या. महिन्याला रोख पैसे येतील."

कोणी म्हणाले, "पाडा आणि गाळे काढा."

मागे उभ्या असलेल्या एक ताई हळूच म्हणाल्या, "तिथं आपल्याला काही शिकायला नाही का ठेवता येणार?"

त्यावर दोघे हसले. एक जण म्हणाला, "आता शिकायचं काय, ताई? पाणी टँकरचं, कचरा गाडीचा, पगार कंपनीचा. आपल्या हातात आहे काय?"

ते हसणे मला घरी जाऊनही ऐकू येत होते. बोलणारा चांगला माणूस आहे. त्याने आपल्या मनातलेच सांगितले. पण त्याचे म्हणणे खरे आहे का? पुढच्या ग्रामसभेत या इमारतीचा विषय निघणार आहे. हात वर करण्याआधी आपण विचार करू. म्हणून आज मी उभा आहे.

आपले गाव

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघाले, की मोशीला इंद्रायणी ओलांडावी लागते. पुढे चाकणच्या वाटेवर आपले कुरुळी. माझ्या लहानपणी या पट्ट्यात शेते होती. चाकणचा बाजार कांद्याने ओळखला जाई. आता शेतांच्या जागी कारखाने, गोदामे आणि भाड्याच्या खोल्या आल्या.

मी कारखान्यांना नावे ठेवायला आलो नाही. तुम्ही कोणी बीडहून आलात, कोणी लातूरहून, कोणी बिहारातून. इथे काम मिळाले म्हणून आलात. त्या कामावर चुली पेटतात. पण चूल पेटते म्हणून विचारायचेच नाही, असे थोडेच आहे?

टँकरचे पाणी कुठून येते? कुणाच्या तरी विहिरीतून, नाही तर बोअरमधून येते. ती आटली की टँकर कुठे जाणार? कचऱ्याची गाडी कुठे रिकामी होते? तिथेही कोणाचे तरी घर जवळ असते. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस येतो, हे तुम्ही पाहिले आहे. ज्ञानोबांच्या पायाशी वाहणारी नदी ती. तिच्यात काही कारखान्यांचे येते, काही शहरांचे येते, आणि काही आपल्या मोरीचेही येते. साबणाचे पाणी मोरीतून गेले, म्हणजे ते जगातून गेले असे नाही.

तेव्हा प्रश्न तीन आहेत. वस्तू कुठून आली? वापरल्यावर कुठे जाते? आणि अशी किती दिवस पुरेल? हे तीन प्रश्न जिथे रोज विचारले जातात, ती शाळा. मग तिथे फळा असो वा नसो.

वर्ध्याची गोष्ट

आपल्या वर्गात वर्ध्याकडचे एक भाऊ आहेत. परवा ते म्हणाले, "आमच्याकडं सगळं गांधीजींचं आहे, पण ते आता पाहायला जायचं ठिकाण." मला त्यांच्या गावाची एक गोष्ट सांगायची आहे. ती फक्त पाहायची गोष्ट नाही.

चाकणला एका मोठ्या कारखान्याच्या फाटकावर 'बजाज' हे नाव आहे. नवे वाचायला शिकलेल्यांनी ते वाचलेही असेल. त्या घराण्याचे मूळ पुरुष जमनालाल बजाज. ते वर्ध्याचे मोठे व्यापारी होते. गांधीजी त्यांना मुलासारखे मानत. हा कारखाना पुष्कळ नंतर आला. जमनालालजी १९४२ साली वारले. त्याआधी त्यांनी एक काम केले, ते आज आपल्या कामाचे आहे.

१९३४ सालच्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. खेड्यांतले धंदे मरत चालले होते. तेलघाणी बंद पडत होती. गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ आला आणि हातसडीचा तांदूळ मागे पडला. तांदूळ शुभ्र झाला, पण त्याचा कस कोंड्याबरोबर गेला. हे सारे नीट अभ्यासायचे आणि खेड्यातल्या माणसाला शिकवायचे, हे संघाचे काम. पण संघाला जागा हवी होती.

जमनालालजींची वर्ध्याला एक बाग होती आणि बागेत घर होते. श्रीमंताने हवा खायला जावे, अशी ती जागा. ती त्यांनी संघाला देऊन टाकली. नवी इमारत उठेपर्यंत कोणी थांबले नाही. जी वास्तू उभी होती, तिचे काम बदलले. जिथे विश्रांती घ्यायची, तिथे घाणी फिरू लागली.

त्या जागेला नाव दिले मगनवाडी. मगनलाल गांधी हे गांधीजींचे पुतणे. दक्षिण आफ्रिकेपासून ते गांधीजींच्या बरोबर होते. साबरमतीचा आश्रम त्यांनी चालवला. चरख्यात त्यांनी सुधारणा केल्या. १९२८ साली ते पाटण्याला वारले. त्यांचे नाव या वाडीला दिले.

१९३५ साली गांधीजी स्वतः मगनवाडीत राहायला आले. तिथल्या स्वयंपाकघराकडे त्यांनी स्वतः लक्ष घातले. सोयाबीन खाऊन पाहिले, किती खावे, पचते कसे, खर्च किती येतो, हे लिहून ठेवले आणि आपल्या पत्रात छापले. आज मराठवाड्यात आणि विदर्भात शेतेच्या शेते सोयाबीनची आहेत. तेव्हा मात्र आपल्याकडे फार थोड्यांना ते माहीत होते. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला गेले. पुढे गजानन महाराजांच्या शेगावशी नावाचा घोटाळा होऊ लागला, टपाल तिकडे जाऊ लागले, म्हणून या शेगावचे नाव सेवाग्राम ठेवले.

मगनवाडीचे काम मात्र थांबले नाही. तिथे तेलघाणी सुधारली. हातकागद बनवला. मधमाश्या पाळल्या. साबण केला. घाणीच्या तेलावर जळणारा दिवा केला, त्याचे नाव मगनदीप. धूर कमी करणारी चूल केली. ग्रामसेवकांना शिकवणारे विद्यालय तिथे चालले. शिकायला येणाऱ्याने नुसते ऐकायचे नाही, हाताने करायचे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते तिथे मगन संग्रहालय उघडले. खेड्यातली हत्यारे आणि खेड्यातल्या वस्तू त्यात मांडल्या. त्या शोभेसाठी नव्हत्या, पाहून शिकण्यासाठी होत्या.

हिशेब ठेवणारा माणूस

आता मुख्य माणसाकडे येतो. मगनवाडीचा सारा गाडा ज्यांनी ओढला, त्यांचे नाव जे. सी. कुमारप्पा. ते तमिळ मुलखातले, तंजावरचे. धर्माने ख्रिस्ती. १८९२ सालचा त्यांचा जन्म. लंडनला जाऊन ते हिशेबतपासनीस झाले. मुंबईत त्यांची पेढी होती. अंगावर साहेबी कपडे असत. मग ते अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून आले. हा देश एवढा गरीब का, याचा अभ्यास करता करता १९२९ साली ते गांधीजींना भेटले. मग पेढी सुटली, साहेबी कपडेही सुटले. एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. ती म्हणजे हिशेब.

त्यांचा एक किस्सा ऐका. १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. मदतनिधीचा हिशेब कुमारप्पांकडे होता. कार्यकर्त्याच्या रोजच्या खर्चाला त्यांनी मर्यादा घातली होती. गांधीजी आपल्या मंडळींसह तिकडे आले. कुमारप्पांनी स्वच्छ सांगितले, की नियमाबाहेरचा खर्च या निधीतून होणार नाही. समोर कोण आहे, हे त्यांनी पाहिले नाही. पैसा भूकंपात घर पडलेल्या माणसाचा आहे, एवढेच पाहिले. गांधीजींनी ते मानले. त्याच वर्षी ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हा तो चालवण्याचे काम याच माणसाकडे दिले. हिशेब कोणाच्या हाती द्यावा, हे गांधीजींना कळत होते.

१९४२ च्या चळवळीत कुमारप्पा तुरुंगात गेले. तुरुंगात त्यांनी एक इंग्रजी पुस्तक लिहिले. ते १९४५ साली निघाले. नावाचा अर्थ असा, की टिकून राहणारे अर्थशास्त्र. आज वर्तमानपत्रात 'शाश्वत विकास' हा शब्द येतो. शाश्वत म्हणजे टिकणारे. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका आयोगाने जगाला सांगितले, की आजची गरज अशी भागवा, की पुढच्या पिढीची गरज अडणार नाही. ग्रो हार्लेम ब्रुंटलँड या नॉर्वेच्या बाई त्या आयोगाच्या प्रमुख होत्या. कुमारप्पांनी हाच विचार त्याआधी चाळीस वर्षे तुरुंगात बसून मांडला होता.

त्यांचे सांगणे सोपे होते. संपत्ती दोन जातींची. एक साठ्याची. जसे दगडी कोळसा आणि खनिज तेल. जेवढे काढाल, तेवढे कमी होईल. दुसरी वाहती. जसे पावसाचे पाणी, झाड, माणसाच्या आणि बैलाच्या अंगातले बळ. जपून वापरले, तर ती पुन्हा पुन्हा मिळते. घर चालवायचे ते शक्यतो वाहत्या संपत्तीवर. साठा मोडून खाणारा आज चैनीत दिसतो. त्याची नातवंडे त्याला बोल लावतात.

जगण्याच्या रीती त्यांनी प्राण्यांवरून समजावल्या. वाघ दुसऱ्याचा जीव घेऊन जगतो. माकड आंब्याच्या बागेत शिरते, खाते आणि निघून जाते. त्याने झाड लावलेले नसते. पक्षी आपले घरटे आपण बांधतो. मधमाशी एकटीपुरते पाहत नाही, साऱ्या पोळ्यासाठी मध जमवते. आणि पिलाला चारा भरवणारी पक्षीण मोबदला मागत नाही. वाघापासून त्या आईपर्यंत माणसाला चढत जायचे आहे.

आता मला सांगा, बोअरमधून पाणी उपसायचे आणि पावसाचा एक थेंबही जमिनीत परत जाऊ द्यायचा नाही, ही कोणाची रीत? तुम्ही हसलात. उत्तर तुम्हांला कळले.

लोक ऐकत नाहीत तेव्हा

मगनवाडीत सारे सुरळीत झाले, असे सांगितले तर ती खोटी गोष्ट होईल.

मगनवाडीजवळ सिंदी नावाचे खेडे होते. तिथले लोक रस्त्याच्या कडेला शौचाला बसत. मगनवाडीची माणसे सकाळी बादल्या आणि फावडी घेऊन जात, घाण उचलत आणि शेतात पुरून तिचे खत करत. गांधीजी स्वतः जात. मीराबेन जात. गावकऱ्यांनी लगेच हात लावला का? नाही. पुष्कळ दिवस ते नुसते बघत. उचलणारे आलेच आहेत, तर आपण का हलायचे, असेही कित्येकांना वाटे. एवढा मोठा माणूस दारात आला, तरी लोक लगेच बदलले नाहीत.

मग आपण कोण? चार दिवसांत गाव बदलेल, असे मी म्हणत नाही. कोणी म्हणाला, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आणखी एक सांगतो. मगनदीप आज कोणाच्या घरात जळत नाही. वीज आली, त्याचे काम संपले. त्यात वाईट काही नाही. वस्तू जुनी होते, तिच्यामागचा प्रश्न जुना होत नाही. मगन संग्रहालय वर्ध्याला आजही उभे आहे. मगनवाडीच्या आवारात महात्मा गांधींच्या नावाची ग्रामीण उद्योगांची संस्था आजही काम करते. ज्या बागेत एका कुटुंबाने विसावा घ्यायचा, ती बाग नव्वद वर्षे लोकांना शिकवते आहे.

लांबचे उदाहरण नको असेल, तर जवळचे घ्या. शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळ आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. ते मोठ्या कंपनीतले शास्त्रज्ञ होते. नोकरी सोडून ते पाबळसारख्या कोरड्या गावात येऊन राहिले. शाळेत नापास झालेली मुले तिथे हाताने काम करून शिकली. वेल्डिंग, वीज, शेती, घर बांधणे. कामातून अक्कल येते, हे त्यांनी करून दाखवले. २००३ साली ते गेले. आश्रम चालू आहे.

माझी चूक

आता माझे सांगतो. दुसऱ्यांच्या गोष्टी सांगणे सोपे असते.

मी मुख्याध्यापक होतो, तेव्हा एका शाळेत आम्ही गांडूळखताचा खड्डा केला. छपराचे पाणी साठवायला टाकी बसवली. उद्घाटन झाले. हार झाले. फोटो निघाला. मी सुंदर अक्षरात पाटी रंगवून घेतली. पहिल्या वर्षी मुलांनी हौसेने काम केले. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत खड्ड्यावर कोणी पाणी शिंपडले नाही. गांडुळे मेली. टाकीच्या पन्हळीत पाला अडकला आणि पाणी भिंतीत मुरले. तिसऱ्या वर्षी खड्डा बुजवला.

पाटी मात्र राहिली. तपासणीला साहेब आले, की मी ती पाटी दाखवत असे. हे सांगताना मला लाज वाटते, पण सांगतो.

चूक कुठे झाली? कामाची पाळी कोणाची, हे ठरले नव्हते. रोज काय झाले, हे कुठे लिहिले जात नव्हते. खड्डा होता, वही नव्हती. कुमारप्पा असते, तर त्यांनी पहिल्या दिवशी वही मागितली असती.

या दोन खोल्यांत काय करायचे?

आता आपल्या इमारतीकडे या.

पहिला धडा म्हणजे ती न पाडणे. त्या भिंतींत विटा आहेत, छपराला लाकूड आहे. विटा भाजायला जळण गेले. लाकडासाठी झाड गेले. पाडले, तर ते सारे फुकट. नव्यासाठी पुन्हा सिमेंट, पुन्हा वाळू. पण आंधळेपणा नको. आधी जाणत्या अभियंत्याला छप्पर आणि भिंती दाखवायच्या. विजेच्या तारा तपासायच्या. धोका आहे असे तो म्हणाला, तर दुरुस्तीआधी कोणी आत बसायचे नाही. जागा कोणाच्या नावावर आहे, ते कागद पाहून घ्यायचे. परवानगी लेखी घ्यायची. ग्रामसभेचा ठराव नीट वाचून मगच सही करायची. आता तुम्हांला वाचता येते. अंगठ्याचे दिवस गेले.

दुसरा धडा छपराचा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होते. हे सूत्र वहीत लिहा. समजा, छप्पर ३० फूट लांब आणि २० फूट रुंद आहे. म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. पावसाळ्यात एकूण ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर ३९ हजार लिटर पाणी. त्यातले पाचव्या हिश्शाएवढे सांडले, उडाले असे धरा. तरी ३१ हजार लिटर राहते. दोनशे लिटरची दीडशेहून जास्त पिंपे भरतील. तेवढे पाणी आज पडवीतून गटारात जाते. पहिल्या पावसाचे पाणी छपरावरची घाण घेऊन येते. ते सोडून द्यायचे. नंतरचे गाळून टाकीत घ्यायचे. ते धुण्याला, झाडांना वापरायचे. टाकी भरली, की उरलेले खड्ड्यातून जमिनीत जिरवायचे. बोअरचे देणे थोडे तरी फिटेल.

तिसरा धडा कचऱ्याचा. भाजीची देठे, साली, उरलेले अन्न एकीकडे. कागद, प्लास्टिक, पत्रा दुसरीकडे. ओल्याचे खत होते. सुके विकले जाते. दोन्ही एकत्र केले, तर त्याचा नुसता उकिरडा होतो. आणि एक गोष्ट इथल्याच वस्तीसाठी. कारखान्यातून येणारी रंग लावलेली लाकडी फळकुटे, तेलाच्या चिंध्या, प्लास्टिक आणि थर्माकोल पाणी तापवायला बंबात जाळू नका. फुकटचे जळण वाटते, पण तो विषारी धूर लहान मुलांच्या छातीत जातो.

चौथा धडा दुरुस्तीचा. आपल्यात फिटर आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत, वेल्डर आहेत. दिवसभर दुसऱ्यांची यंत्रे सुरू ठेवता. सुट्टीच्या दिवशी दोन तास एका खोलीत बसा. बिघडलेला पंखा, मिक्सर, सायकल लोकांनी आणावी. तुम्ही दुरुस्त करा आणि शेजारी बसलेल्या पोराला दाखवा. वस्तू दोन वर्षे जास्त चालली, म्हणजे तेवढा पगार वाचला.

पाचवा धडा बायकांनी शिकवायचा. कोणाला गोधडी येते, कोणाला बियाणे राखता येते. गावाकडून येताना पिशवीत वालाचे, घेवड्याचे, भोपळ्याचे बी आणणाऱ्या मावश्या इथे बसल्या आहेत. एका फळीवर बरण्या ठेवू. बी न्यायचे, लावायचे आणि पीक आले की दुप्पट परत द्यायचे. ते लावायला डालडाचा जुना डबाही चालतो.

आणखी एक. दार उघडण्याची वेळ पाळ्या पाहून ठरवायची. पहिल्या पाळीचा माणूस दुपारी सुटतो. दुसऱ्या पाळीचा सकाळी मोकळा असतो. बायकांना संध्याकाळी उशीर नको. दिवा हवा, शौचालय हवे. सकाळी दहा ते पाच कार्यालयासारखे उघडे ठेवले, तर तिथे कोणीच येणार नाही.

भाड्याचे काय?

आता भाड्याचा प्रश्न. तो टाळून चालणार नाही. गोदामाला दिले, तर पैसे येतील, हे खरे आहे. त्या पैशात गटार दुरुस्त होईल, दिवे लागतील. असे म्हणणारा गावाचा शत्रू नाही.

पण मी विचारतो, पोरांसाठी, बायकांसाठी, बाहेरून आलेल्या कामगारांसाठी एकत्र बसायची दुसरी जागा आपल्याजवळ कुठे आहे? मूळचे गावकरी आणि खोल्यांत राहणारे एकमेकांना भाडे देण्याघेण्यापुरते ओळखतात. पाणी आटले, तर दोघांचेही आटणार आहे. दोघांनी एका ओसरीवर बसायला हवे. जागा एकदा गोदामाची झाली, की ती परत मिळणे कठीण. भाड्याची सवय लागली, की ती सुटत नाही.

म्हणून माझे मागणे लहान आहे. एक वर्ष द्या. एक वर्ष या दोन खोल्या शिकण्यासाठी ठेवा. वर्षाच्या शेवटी ग्रामसभेपुढे वही ठेवू. किती पाणी साठले, किती खत झाले, किती वस्तू दुरुस्त झाल्या, किती माणसे आली. आणि काय बिघडले, तेही. वही कोरी निघाली, तर गोदामाला द्या. मी पहिला हात वर करीन.

वही तुमची

आता सांगतो, पेन्सिल जवळ का ठेवायला लावली.

ती वही मी लिहिणार नाही. माझे अक्षर चांगले आहे, पण चांगल्या अक्षराची पाटी मी एकदा रंगवून बसलो आहे. वही तुम्ही लिहायची. रोज एकाची पाळी. तारीख घालायची. टाकीत पाणी किती बोटे आहे, ते लिहायचे. खड्ड्यावर पाणी शिंपडले का, ते लिहायचे. नसेल शिंपडले, तर 'नाही' लिहायचे. 'नाही' हा शब्द लिहायला धैर्य लागते. मला ते जमले नव्हते.

तुम्ही मला नेहमी विचारता, "गुरुजी, या वयात लिहायला शिकून काय उपयोग?" उपयोग हा आहे. आजवर तुमचा हिशेब दुसऱ्यांनी लिहिला. दुकानदाराने लिहिला, ठेकेदाराने लिहिला. हा गावाचा हिशेब तुम्ही लिहा. चार ओळी पुरेत. र्‍हस्व-दीर्घ चुकले, तरी चालेल. आकडा मात्र खरा हवा.

त्या दिवशी ज्या ताईंनी हळूच विचारले होते, त्यांना माझी विनंती आहे. ताई, ग्रामसभेत तोच प्रश्न पुन्हा विचारा. या वेळी हळू नको. उभ्या राहून विचारा. आणि जे भाऊ हसले होते, ते इलेक्ट्रिशियन आहेत, हे मला माहीत आहे. भाऊ, त्या खोल्यांतल्या विजेच्या तारा तुम्हीच आधी तपासून द्या.

इमारत जुनी आहे. गळते आहे. वर्ध्याच्या त्या बागेसारखी देखणी नाही, आणि आपल्यात कोणी जमनालालजी नाहीत. पण तिथेही काम भिंतींनी केले नव्हते, रोज हात चालवणाऱ्या आणि रोज हिशेब लिहिणाऱ्या माणसांनी केले होते. अशी माणसे या वर्गात बसली आहेत.

आता वह्या उघडा. आजची तारीख घाला. तिच्याखाली ते तीन प्रश्न लिहा. कुठून आले? कुठे जाते? किती दिवस पुरेल? उद्या सकाळी पाण्याचा हंडा उचलाल, तेव्हा पहिला प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर घेऊन संध्याकाळी वर्गाला या.